गोधडीचे अस्तर वरच्या थरापेक्षा किती मोठे घ्यावे?

शिवणकामाच्या या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी गोधडीच्या अस्तराविषयीची पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. शिवणाची मापे इंचांत आणि दुकानात मागायची लांबी मीटरमध्ये दिली आहे, कारण व्यवहारात आपण दोन्ही वापरतो.

प्रश्न : जुन्या सुती साड्यांचे तुकडे जोडून मी 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब असा गोधडीचा वरचा थर तयार केला आहे. मध्ये जुनी चादर घालणार आहे आणि अस्तराला नवीन सुती कापड घ्यायचे आहे. मागच्या गोधडीला मी अस्तर वरच्या थराच्या मापाचेच कापले होते, तर टाके घालता घालता ते एका टोकाला जवळजवळ दोन इंच कमी पडले. या वेळी किती वाढवून घ्यावे आणि दुकानात किती मीटर मागावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : हाताने टाके घालणार असाल, तर अस्तर चारही बाजूंना तीन-तीन इंच वाढवावे. म्हणजे ते 66 इंच रुंद आणि 96 इंच लांब असावे. घरच्या यंत्रावर शिवायचे असेल आणि गोधडी लहान असेल, तर प्रत्येक बाजूला दोन इंच पुरतात. मात्र तुमच्या मापाला तीन इंचांखाली जाऊ नये.

अस्तर कमी का पडते, हे समजले की हा आकडा पाठ करावा लागत नाही. टाका तिन्ही थरांतून खाली जातो आणि पुन्हा वर येतो, त्या प्रत्येक वळणात थोडे कापड खर्ची पडते. सुईवर तीन-चार टाके भरून आपण दोरा ओढतो, तेव्हा टाक्यांच्या मधली जागा किंचित उचलली जाते. गोधडीला तिचा सुंदर खडबडीतपणा त्यानेच येतो, पण लांबीही त्यानेच घटते. दाट टाक्यांची 90 इंचांची गोधडी पूर्ण होईपर्यंत दोन-तीन इंचांनी सहज आखूड होते. हे आकसणे तिन्ही थरांत सारखे झाले असते, तर अस्तर कमी पडले नसते. वरचा थर मात्र आपल्या डोळ्यांसमोर असतो, आपण तो तळहाताने सतत सपाट करत कडेकडे सारत असतो. अस्तर खाली दडलेले असते आणि बैठकीच्या भाराने एका जागी धरले जाते. त्यामुळे वरचा थर पुढे सरकतो, अस्तर मागे राहते आणि हा फरक शेवटी कडेला दिसतो. तुमचे दोन इंच असेच गेले असावेत.

याच्या जोडीला कापडाचे आटणे असते, आणि तुमच्या गोधडीत ते अधिक महत्त्वाचे आहे. वरचा थर जुन्या साड्यांचा आहे, म्हणजे तो शेकडो धुण्यांत आटून संपलेला आहे. मधल्या चादरीचेही तेच. कोरे सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटू शकते, म्हणजे 96 इंचांत जवळजवळ पाच इंच. न धुतलेले नवे अस्तर जुन्या थरांना जोडले, तर पहिल्या धुण्यानंतर ते आखडेल, वरचा थर जागच्या जागी राहील आणि गोधडीभर सुरकुत्या उमटतील. कडेला कितीही जादा कापड सोडले तरी हा दोष टळत नाही, कारण तो टाके घालून झाल्यानंतर प्रकट होतो. म्हणून अस्तराचे कापड आधी पाण्यात भिजवून, पिळून, वाळवून, इस्त्री करून मगच मोजावे. गडद रंग असेल तर त्याच भिजवण्यात जादाचा रंगही निघून जातो.

आता मीटरचा हिशेब. येथे बहुतेक जण फक्त लांबी पाहतात आणि पन्ह्याकडे, म्हणजे कापडाच्या रुंदीकडे, दुर्लक्ष करतात. 44 इंच पन्ह्याच्या कापडाच्या दोन्ही बाजूंची घट्ट विणीची किनार कापून टाकली की हाताशी 42 इंच उरतात. ही किनार जोडात ठेवू नये, कारण ती उरलेल्या कापडाइतकी ताणत नाही आणि तिचे आटणेही वेगळे असते, त्यामुळे जोडावर चुण्या पडतात. 42 इंचांतून 66 इंच रुंदी मिळवायची तर 96 इंचांचे दोन उभे पट्टे घ्यावे लागतात. ते झाले 192 इंच, म्हणजे सुमारे 4.9 मीटर, आणि आटण्याची सोय धरून सव्वापाच मीटर. यात जवळजवळ 17 इंच रुंदीचा लांबलचक पट्टा उरतो.

तेच कापड 58 इंच पन्ह्याचे मिळाले, तर पट्टे आडवे लावावेत. 66 इंचांचे दोन तुकडे कापून ते लांब बाजूने एकमेकांना जोडले की 66 इंच रुंद आणि सुमारे 111 इंच लांब अस्तर तयार होते. हवे होते 96, म्हणजे भरपूर झाले. यासाठी लागतात 132 इंच, म्हणजे सुमारे 3.4 मीटर, आटणे आणि दुकानातला वाकडा काप धरून पावणेचार मीटर मागावे. पट्ट्यांची दिशा बदलल्याने दीड मीटर कापड वाचते. 44 इंच पन्ह्यात हा फायदा होत नाही, कारण तेथे आडवे पट्टे तीन लागतात आणि कापड थोडे जास्तच जाते. म्हणून दुकानात प्रथम पन्हा विचारावा, शक्य तर टेपने मोजून पाहावा, आणि मगच किती मीटर हे ठरवावे.

जोड अगदी मधोमध मात्र येऊ देऊ नये. गोधडीची घडी नेहमी तेथेच पडते आणि जोडावरचे कापड तेथून आधी विरते. आडव्या जोडात जादाचे पंधरा इंच दोन्ही टोकांकडून न कापता एकाच पट्ट्यातून कापले, तर जोड आपोआप बाजूला सरकतो. उभ्या जोडात पूर्ण पन्ह्याचा पट्टा मध्ये ठेवून दुसऱ्या पट्ट्यातून तेरा-तेरा इंचांचे दोन भाग काढावेत आणि ते दोन्ही अंगांना जोडावेत. शिलाई अर्ध्या इंचाची धरावी आणि दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री करावी, म्हणजे हाताच्या सुईला तेथे जाड गाठ लागणार नाही.

तुमच्याकडे अजून एखादी धड सुती सहावारी शिल्लक असेल, तर माझ्या मते नवीन कापड घेऊच नये. साडेपाच मीटरच्या साडीत 96 इंचांचे दोन पट्टे निघून वर दोन फूट उरतात, म्हणजे जड पदर वगळता येतो. दोन्ही काठ उसवून वेगळे केले तरी मधल्या अंगाची रुंदी दोन पट्ट्यांत पुरून उरते, आणि त्याच काठांचा गोधडीला गोट, म्हणजे कडेची पट्टी, होतो. साडी आटून गेलेली असते, मऊ असते आणि सुई तीत लोण्यासारखी जाते. फॉल काढून साडी उजेडासमोर धरावी. जेथे वीण विरळ होऊन उजेड मोकळा येतो, तो भाग कडेच्या जादा इंचांत जाईल असा काप ठरवावा, कारण ते इंच शेवटी कापूनच टाकायचे आहेत.

अंथरताना अस्तर उलटी बाजू वर करून जमिनीवर पसरावे आणि कडा चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात. कापड सपाट असावे, ताणलेले नसावे. ताणून लावलेले अस्तर सोडले की आखडते आणि वरच्या थराला फुगे येतात. त्यावर मधली चादर आणि वरचा थर ठेवावा. चादरही वरच्या थरापेक्षा दीड-दोन इंच मोठी असू द्यावी. मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घालावेत आणि पक्के टाकेही त्याच क्रमाने घालावेत. दर दोन-तीन ओळींनंतर एक हात खाली सरकवून अस्तरावरून फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी चुणी बोटांना लगेच लागते, आणि तेव्हा उसवावे लागणारे टाके फार तर वीतभर असतात.

प्रश्न : बहिणीच्या बाळासाठी 36 इंच बाय 45 इंच मापाचे दुपटे शिवायचे आहे. 44 इंच पन्ह्याचे मऊ सुती कापड घरात आहे. त्यात जोड न देता अस्तर बसेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बसेल. एवढ्या लहान कामाला प्रत्येक बाजूला दोन इंच जादा पुरेसे आहेत, म्हणजे अस्तर 40 इंच बाय 49 इंच लागेल. कापड धुऊन किनार काढल्यावरही पन्ह्यात 41 इंचांच्या आसपास मिळतात, म्हणजे 40 इंच बसतात. लांबीला सव्वा मीटर नेमके होते. धुण्यात आटणार म्हणून 1.4 मीटर हाताशी असावे. मात्र दुपटे याहून मोठे करण्याचा मोह झाला, तर 37 इंच रुंदी ही या पन्ह्याची शेवटची हद्द समजावी. त्यापुढे जोड द्यावा लागतो, आणि बाळाच्या अंगाला लागणाऱ्या बाजूस जोड नसलेला बरा. बाळाचे दुपटे रोज धुतले जाते, म्हणून वरचे आणि खालचे अशी दोन्ही कापडे आधी धुऊन घ्यावीत. दोन्ही नवी आहेत, म्हणून दोन्ही सारखी आटतील असे गृहीत धरू नये.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. आईच्या साड्यांचा 80 इंच बाय 90 इंच वरचा थर मी स्वतः जोडला आहे आणि टाके मात्र लाँगआर्म यंत्रावर व्यावसायिकाकडून घालून घेणार आहे. त्यांनी अस्तर चारही बाजूंना चार इंच जादा मागितले आहे. टाके यंत्रच घालणार असताना एवढे कापड वाया का घालवायचे? शिवाय येथे वारांत किती घ्यावे? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चार इंच द्यावेत, घासाघीस करू नये. लाँगआर्म यंत्राची चौकट पाहिली की कारण लक्षात येते. या यंत्रावर अस्तराची वरची आणि खालची कड रुळांना लावलेल्या जाड कापडी पट्ट्यांना टाचतात आणि दोन्ही बाजू चिमट्यांनी धरून हलक्या ताणात ठेवतात. कापड जागेवर राहते आणि यंत्राचे डोके त्यावरून फिरते. टाचण्या आणि चिमटे यांना धरायला दोन-एक इंच जातात. डोके वरच्या थराच्या अगदी कडेपर्यंत पोहोचताना चिमट्यावर आदळू नये, म्हणून उरलेली जागा लागते. अस्तर अपुरे असेल तर व्यावसायिकाला कडेचे टाके अर्धवट सोडावे लागतात किंवा पट्ट्या जोडून घ्याव्या लागतात, आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. मधल्या थरालाही साधारण तेवढाच वाढावा लागतो.

तुमचे अस्तर 88 इंच बाय 98 इंच झाले. अमेरिकेत अस्तरासाठी 108 इंच पन्ह्याचे कापड खास मिळते. त्याच्या पन्ह्यात 98 इंचांची बाजू बसवली, तर लांबीला 88 इंच, म्हणजे अडीच वारांच्या आत लागतात. धुण्यासाठी धरून पावणेतीन वार घ्यावेत आणि जोड अजिबात येणार नाही. नेहमीच्या 44 इंच पन्ह्यातून करायचे असेल, तर 88 इंचांचे तीन आडवे पट्टे, म्हणजे 264 इंच, सुमारे साडेसात वार लागतात. तेच पट्टे उभे लावले तर 294 इंच होतात आणि जवळजवळ एक वार वाढतो. आटण्यासाठी दोन्ही आकड्यांत अर्धा वार धरावा. आडवा जोड लाँगआर्मलाही सोयीचा असतो. उभा जोड रुळावर प्रत्येक वेढ्यात एकाच जागी येतो, तेथे जाडी साचते आणि बाजूचे कापड सैल पडू लागते. आडव्या जोडात तसे होत नाही.

अस्तर पाठवण्यापूर्वी ते काटकोनात आहे का, हे जरूर पाहावे. चार घड्या घालून कडा जुळतात का ते बघावे, किंवा दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले पाहिजेत. रुळाला तिरकी कड लावली की टाके सुरू होण्याआधीच कापड तिरके ताणले जाते, आणि मग चार इंचांचे आठ इंच केले तरी उपयोग होत नाही. तुमचा वरचा थर आईच्या साड्यांचा आहे, म्हणून आणखी एक आग्रह : साड्यांत रेशीम किंवा जरीकाठ असेल, तर ते व्यावसायिकाला आधी सांगावे. ती कापडे निसरडी असतात, त्यांचा ताण आणि दोरा वेगळा ठेवावा लागतो. शिवाय अशी गोधडी पुढे घरी धुता येणार नाही, तेव्हा अस्तर धुऊन घेण्याऐवजी वाफेची इस्त्री फिरवली तरी चालते.

प्रश्न : आमच्याकडे कौदी, म्हणजे इकडची गोधडी, शिवणाऱ्या बायका अस्तराला एक इंचही जादा सोडत नाहीत. कडा आधी दुमडून शिवतात आणि बाहेरून आत टाके घालत जातात. तरीही त्यांच्या कौद्या सपाट बसतात. मग चारही बाजूंना तीन इंच सोडण्याचा नियम खरा की त्यांची पद्धत? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : त्यांची पद्धत त्यांच्या क्रमासाठी पूर्ण बरोबर आहे, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा आनंद आहे, कारण शिवणवर्गांत तीन इंचांचा नियम सांगतात पण तो कोणत्या कामासाठी आहे हे सांगायचे राहून जाते. मध्यापासून बाहेर टाके घातले की सैल कापड कडेकडे ढकलले जाते. कडा उघड्या असतात, म्हणून त्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि जादा कापड तेथे कामी येते. कडा आधी बंद केल्या, तर ती वाट राहतच नाही. अशा वेळी अस्तर मोठे घेतले, तर जादा कापड आत अडकते आणि फेरा लहान होत गेल्यावर मध्यभागी झोळ होऊन उभे राहते. म्हणून या पद्धतीत सगळे थर सारखे कापतात आणि दुमडीसाठी प्रत्येक बाजूला इंचभर तेवढे धरतात.

आता ते सपाट कसे बसते? एक तर त्यांचे सगळे थर जुन्या, धुवट सुती कापडाचे असतात. ते एकमेकांना चिकटून राहतात, सरकत नाहीत. दुसरे म्हणजे त्या सुईवर थोडेच टाके भरतात आणि दर फेऱ्यात आतले कापड हाताने समान वाटून घेतात. हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाचे आहे. मधल्या थरात पॉलिस्टरची फुगीर गादीपट्टी घालून हीच पद्धत वापरली, तर ती हमखास फसेल. फुगीर थर दाबला गेला की कडेकडे पसरू पाहतो, आणि बंद कडा त्याला पसरू देत नाहीत.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ आणि येल्लापूर परिसरातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रियांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, याच्याही पुढे जाते. त्या साडीचा पाया आधी अंथरतात आणि कडेपासून सुरुवात करून रंगीत तुकडे त्यावर ठेवत, शिवत मध्याकडे येतात. कोपऱ्यांना घडी घातलेले तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. तेथे वरचा थर आधी जोडून तयारच नसतो. अस्तराचे माप हेच कवंदीचे माप, आणि शेवटचा तुकडा मध्ये उरलेल्या जागेएवढा कापायचा. अस्तर किती जादा घ्यावे हा प्रश्न वरचा थर आधी पूर्ण करून ठेवला की निर्माण होतो, हे या कामाकडे पाहिले की स्पष्ट दिसते.

तुम्ही तशीच कौदी शिवणार असाल, तर एकच काळजी घ्यावी. जादा इंच सोडायचे नसले, तरी आकसणे चुकत नाही. 90 इंचांची कौदी हवी असेल, तर सगळेच थर 93 इंचांचे घ्यावेत आणि दुमड त्याव्यतिरिक्त धरावी.

प्रश्न : माझ्या गोधडीचे तीन चतुर्थांश टाके पूर्ण झाले आहेत आणि आता एका बाजूला अस्तर दीड इंच कमी पडताना दिसते आहे. सगळे उसवावे लागेल का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सगळे उसवण्याची गरज नाही. आधी अस्तराच्या उरलेल्या भागात कोठे चुणी दडली आहे का, हे हात फिरवून पाहावे; कित्येकदा तो दीड इंच तेथेच सापडतो. न सापडल्यास त्या कडेपासून सहा इंचांपर्यंतचे टाके काढावेत, वरचे दोन थर मागे दुमडून टाचून ठेवावेत आणि अस्तराच्या मोकळ्या कडेला चार इंच रुंद पट्टी शिवावी. शिलाई उघडून इस्त्री करावी, थर पुन्हा पसरावेत आणि कच्चे टाके घालून पुढे जावे. पट्टी वेगळ्या रंगाची असली तरी बिघडत नाही, परंतु ती धुतलेल्या कापडाची असावी. वरच्या थराला त्या बाजूस साधी पट्टीच असेल, नक्षी नसेल, तर तीच दीड-दोन इंच कापून टाकणे हा त्याहून सोपा मार्ग आहे. फक्त समोरच्या बाजूनेही तेवढेच कापावे.

आणि अस्तरच पुढे वळवून त्याचा गोट करायचा तुमचा विचार असेल, तर तो या गोधडीपुरता सोडून द्यावा. अर्ध्या इंचाच्या गोटासाठी अस्तर तयार कडेच्या बाहेर निदान एक इंच उरावे लागते, अर्धा इंच दर्शनी भागाला आणि अर्धा दुमडीला, आणि थर जाड असतील तर आणखी थोडे. तुमच्याकडे ते तीन बाजूंना असेल, चौथ्या बाजूला नाही. चारही बाजूंना अडीच इंच रुंदीची वेगळी पट्टी कापून ती लांबीत दुहेरी दुमडावी आणि तिचाच गोट लावावा.